रस्ते नंतर जोडणं इतकं सोपं नाही

'शहर आधी वाढू दे, रस्ते नंतर जोडता येतील' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. इमारती पाडून नव्या बांधता येतात, रस्त्यांची आखणी मात्र पिढ्यानपिढ्या हलत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात १८११ साली ठरलेली रस्त्यांची चौकट आजही बहुतांशी तशीच आहे. बंद गल्ल्यांच्या वसाहतीत पाठीला पाठ असलेल्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण असतं, तरी पलीकडे जायला मुख्य रस्त्यावरून भलामोठा वळसा पडतो. मग माणूस गाडीच काढणार! अमेरिकेत नव्या रस्त्यांमधला हा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचला, नंतर कमी होत गेला. म्हणजे नवी आखणी सुधारता येते. त्यामुळे लेआउट मंजूर करतानाच रस्ता पुढच्या जमिनीच्या हद्दीपर्यंत न्यायची अट हवी, आणि जुन्या वसाहतींत निदान कुंपणातून पायवाट तरी.