मदत हवी आहे : पोस्टग्रेसमधील व्ह्यू नेमक्या कोणत्या मूळ टेबलांवर अवलंबून आहे?

नमस्कार. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका व्ह्यूवर (म्हणजे टेबलासारख्या वापरता येणाऱ्या, नाव देऊन साठवलेल्या क्वेरीवर) दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा असे व्ह्यू रचलेले असून, काही जुन्या टेबलांची रचना बदलण्यापूर्वी सर्वांत वरच्या व्ह्यूखाली शेवटी कोणती टेबले आहेत, याची खात्रीची यादी मला हवी आहे.

डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या इन्फर्मेशन स्कीमामधील ‘व्ह्यू_टेबल_यूसेज’ पाहिले. परंतु त्यात फक्त चालू रोलच्या (डेटाबेस वापरकर्त्याच्या) मालकीची टेबले दिसतात आणि तीही एकाच पातळीपर्यंत. त्यामुळे आता ‘पीजी_डिपेंड’ (अवलंबित्वाच्या नोंदी) आणि ‘पीजी_रीराइट’ (रीराइट रूलच्या नोंदी) ही पोस्टग्रेसची अंतर्गत टेबले जोडून, पातळी-पातळीने खाली जाणारी रिकर्सिव्ह क्वेरी लिहिली आहे, कारण अवलंबित्वाची नोंद थेट व्ह्यूच्या नावावर नसून त्याच्या रीराइट रूलवर (व्ह्यूच्या जागी त्याची मूळ क्वेरी घालणाऱ्या नियमावर) असते. त्या रूलची एक नोंद स्वतः व्ह्यूकडेही निर्देश करते, म्हणून ती वगळावी लागते. शिवाय प्रत्येक कॉलमची वेगळी नोंद असल्याने तेच टेबल अनेकदा येते, पण पुनरावृत्ती काढणाऱ्या ‘डिस्टिंक्ट’ने ते सुटते. व्ह्यूच्या व्याख्येच्या मजकुरात टेबलाचे नाव शोधण्याचा उपाय मला भरवशाचा वाटत नाही.

खरी अडचण फंक्शनची आहे. काही व्ह्यू पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली फंक्शन वापरतात, आणि त्या फंक्शनचा मजकूर केवळ स्ट्रिंग म्हणून साठवलेला असल्याने आतील टेबलांची नोंद ‘पीजी_डिपेंड’मध्ये होतच नाही. अशी लपलेली टेबले शोधण्यासाठी आपण कोणती पद्धत वापरता? तसेच साखळीत मध्येच मटेरियलाइज्ड व्ह्यू (ज्याचा निकाल प्रत्यक्ष साठवून ठेवलेला असतो असा व्ह्यू) आल्यास यादी तिथेच थांबवावी, की त्याखालच्या टेबलांपर्यंत न्यावी? क्वेरीचा नमुना मिळाल्यास आभारी राहीन.