पोरांचा गेम घड्याळावर मोजायचा की मॅचवर?

टिळकवाडीकर: ‘रोज एकच तास’ हा नियमच भांडणं लावतो. बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, शेवटी उरेल ती टीम जिंकते. त्यातल्या एरांगेल नकाशावरची मॅच शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास चालते. खेळायच्या जागेचं वर्तुळ आवळत आलंय, चौघं उरलेत, तेवढ्यात फोन हिसकावला की पोरगं चवताळणारच. टीममधल्या तिघांच्या शिव्या वेगळ्या. घड्याळ सोडा, मॅच मोजा. दिवसाला दोन.

खानापूर मास्तर: पटत नाही. नकाशावरच्या पोचिंकी गावात, गर्दीत उतरला तर पाच मिनिटांत मरून लॉबीत परत, झुडपात लपला तर अर्धा तास. म्हणजे तुमच्या दोन मॅच कधी दहा मिनिटं, कधी तासभर. वर ‘ही धरायची नाही, लगेच मेलो’ ही घासाघीस रोजची. घड्याळाशी ती चालत नाही.

वडगावची वहिनी: मास्तर, संपायची वेळ कशाला ठरवता? ‘स्टार्ट’ दाबायची शेवटची वेळ ठरवा की. साडेसात ते साडेआठ खेळायचं, तर आठनंतर नवी मॅच नाही. चालू असलेली पुरी करायची. फॅमिली लिंक, म्हणजे पोराच्या फोनवर आईबापांचा ताबा ठेवणारं गूगलचं अ‍ॅप, त्याचं कुलूप ८.३५ ला लावा. आठलाच लावलं तर ते नेमकं मॅचच्या मधे पडतं. आधी सूचना येते, पण खेळाच्या नादात वाचतंय कोण! फ्री फायर मॅक्सची मॅच आटोपशीर, तिथं पंधरा मिनिटं आधी थांबवलं तरी पुरे. माइनक्राफ्टला मॅचच नाही, पोरानं बांधलेलं जग आपोआप सेव्ह होतं. तिथं मास्तरांचं घड्याळच बरं.

निपाणीकर: फॅमिली लिंक पोराचा फोन वेगळा असेल तर. बाबांच्याच फोनवर, बाबांच्याच खात्यावर खेळणाऱ्यांचं काय? १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास अशी मर्यादा बीजीएमआयला आहे, पण गेमला वाटतं बाबाच खेळालेत. आणि अशा फोनवर वेळेपेक्षा पैशाची भीती जास्त.

टिळकवाडीकर: पैशाचे गेम २०२५ च्या कायद्यानं बंद झाले ना?

निपाणीकर: पैसे लावून पैसे जिंकायचे ते बंद. यूसी, डायमंड (गेममधलं चलन), स्किन (पात्राचे-बंदुकीचे पोशाख) यांची विक्री चालूच आहे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडचा फोटो दाबा, सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. साठवलेलं कार्ड काढून टाका. यूपीआयचा पिन पोरासमोर टाकू नका, दोन-तीनदा बघितला की पाठ होतो. एक गोष्ट हमखास राहून जाते. फोन उघडायला सोयीचं म्हणून पोराच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असतो, आणि खरेदीची पडताळणीही त्याच बोटावर होऊन जाते. तो ठसा आधी काढा.

खानापूर मास्तर: हे मान्य. वहिनींची आठची रेघही चालेल, पण एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्षी ती सातवर आणा. आणि आधी तासभर लेले मैदान, मग फोन. उलट क्रम लावला तर पोरगं मैदानाकडं फिरकत नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद ठेवा, हे माझं मात्र कायम.

वडगावची वहिनी: त्या दिवशी रोजचं लॉगिन बक्षीस बुडतं, आणि खरी रडारड त्याचीच असते. पाच मिनिटं द्या, बक्षीस घेऊन बाहेर. मॅच नाही. अजून एक, टीममधले चौघं एकाच गल्लीतले असतील तर चारही आयांनी एकच वेळ ठरवा, नाहीतर ‘त्याची आई सोडते’ सुरू.

टिळकवाडीकर: आणि लाइट जाऊन वायफाय पडलं तर?

वडगावची वहिनी: आठच्या आत सुरू केलेली असेल तर डेटा लावून परत शिरू दे, पुरी करू दे. लाइट सव्वाआठला आली म्हणून नवी नाही.