फायबरच्या कॅनाल बोटीचा मागचा डेक उचलायचा आहे, आईसाठी. सल्ला हवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही एक जुनी फायबरग्लासची बोट घेतली. १९७८ची आहे, २३ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद. एवढीच रुंद का, तर इकडच्या अरुंद कालव्यांवरची लॉक जेमतेम ७ फुटांची असतात. (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली.) बोट ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर शाखेवर असते, फॉक्स्टन इथल्या लॉकच्या जिन्याच्या पायथ्याशी, मार्केट हार्बरोकडे फाटा जातो तिथे. मागे ९.९ एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड इंजिन आहे.

अडचण मागच्या डेकची आहे. केबिनच्या मागे उघडा भाग आहे, आतून १.८ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद. त्याची जमीन कडेपासून ६६ सेंटिमीटर खोल. धक्का आणि बोटीची कड जवळपास एका पातळीत, म्हणजे कडेवर पाय ठेवायचा आणि एकदम ६६ सेंटिमीटर खाली उतरायचं. मला जमतं. आईला जमणार नाही.

आई मे महिन्यात वाईहून तीन महिन्यांसाठी येते आहे. वय ७१. उजवा गुडघा बदललेला, डावा बदलायला ती तयार नाही. आमच्या घराच्या पायऱ्या २० सेंटिमीटरच्या आहेत, त्या ती कठडा धरून चढते-उतरते. त्याहून उंच पायरी आली की थांबते, आणि आपल्याला थांबवते. तिचं सगळं आयुष्य कृष्णेच्या घाटाजवळ गेलं. मागच्या खेपेला आम्ही तिला फॉक्स्टनला नेलं, तेव्हा दोन तास बाकावर बसून ती बोटी वर चढताना बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "पाण्यातून बघायला मिळालं असतं तर." बोट घेतल्याचं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मला कुठे बसवणार?"

माझा बेत असा: जमीन सरसकट ३५ सेंटिमीटर वर घ्यायची. खाली लाकडी तुळया, वर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर फायबर. मधल्या पोकळीत पेट्रोलची टाकी आणि बॅटरी. आणखी एक गोष्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूला आत्ताची जमीन पायाखाली किंचित दबते. नवा डेक वर आला की ती झाकली जाईल असं मी धरून चालले आहे. यात काही चुकतंय का?

तरंग

दोन्ही गोष्टी चुकत आहेत. आईंना नीट बसता यावं असं मलाही वाटतं, म्हणून स्पष्ट लिहितो.

मी जहाजबांधणीत आहे. आधी वजनाचं बघू. प्लाय, तुळया आणि फायबर मिळून ५० किलोच्या आसपास जाईल, तेही बोटीच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे इंजिन आधीच लटकलंय. मागचं टोक बसेल, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं ३५ सेंटिमीटर वर जातील. तुमची बोट १२०० किलोची धरली, तर डेकवर दोन माणसं, १४० किलो, एवढी वर गेल्याने सगळ्याचा गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटरच्या वर सरकतो. सात फुटांहून अरुंद आणि हलक्या बोटीत तो फरक पायाला कळतो. आई कडेवर पाय ठेवतील त्याच क्षणी बोट त्यांच्या बाजूला कलेल, आणि त्यांना नेमकी त्याचीच भीती वाटेल.

दुसरं पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. तुम्ही टाकी आणि बॅटरी एका बंद पोकळीत एकत्र ठेवायचं म्हणताय. हे करू नका. टाकी उघड्यावर असू द्या, किंवा केबिनपासून पूर्ण बंद आणि बाहेर वारा असलेल्या कप्प्यात. बॅटरी वेगळी. दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी होते, तेव्हाही हेच बघतील, पण तपासणीसाठी म्हणून नव्हे, तिथे आई बसणार आहेत म्हणून.

आता मला तीन मापं द्या. डेकवर पडलेलं पाणी कुठून बाहेर जातं? ते भोक पाण्याच्या किती वर आहे? आणि गॅसच्या सिलिंडरच्या कप्प्याचं तळाचं भोक किती वर आहे? गॅसही जडच, तो त्या भोकातून बाहेर पडला पाहिजे. मागचं टोक बसून ते भोक पाण्यात गेलं, तर गळलेला गॅस बोटीतच राहील.

फायबरवाला_रत्नागिरी

ताई, दबणारी जमीन झाकू नका. ती आतून कुजली आहे.

आमच्याकडे मच्छीमारांच्या फायबर होड्या दुरुस्तीला येतात, त्यातल्या कितीतरी ह्याच दुखण्याच्या. वर फायबर, खाली फायबर, मध्ये प्लाय असतो. कोणीतरी स्क्रू मारतो, त्याचं भोक नीट भरत नाही, त्यातून थेंब थेंब पाणी आत जातं. फायबरला काही होत नाही, प्लायचा मात्र चिखल होतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि वीतभर अंतराने ठोकत जा. टणटण वाजलं तिथे चांगलं, भदभद वाजलं तिथे गेलं. खडूने गोल करत जा. खराब भाग वाटला त्यापेक्षा मोठाच निघेल, हे मनाशी धरून सुरुवात करा.

वरचं फायबर कापा, खालचं शाबूत ठेवा, तोच तुमचा साचा. कुजलेलं सगळं खरवडा आणि सुकू द्या. घाई इथेच नडते. ओल्या लाकडावर रेझिन (फायबरचं कापड ज्यात भिजवून घट्ट करतात तो द्रव) धरत नाही. नवा प्लाय मरीनच घ्या, बीएस १०८८ शिक्क्याचा, आणि बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडा रेझिन पाजून बंद करा. वरचा थर जोडताना जुन्या फायबरची कड तासून उतार द्या, जाडीच्या बारा पट. ५ मिलिमीटर जाड असेल तर ६० मिलिमीटरचा उतार. नुसती कडेला कड लावली तर तिथेच तडा जातो.

रेझिनबद्दल. आमच्याकडे कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारा) वेगळा मिळतो आणि हार्डनर वेगळा. ते दोन कधी थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होतो, हे आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. तुमच्याकडे बहुधा कोबाल्ट आधीच घातलेलं पॉलिएस्टर रेझिन मिळेल, त्यात फक्त हार्डनर, किलोला १० ते २० ग्रॅम. डब्यावरचं वाचा. पण थंडीत करू नका. १५ अंशांच्या खाली ते चिकटच राहतं, आणि जास्त हार्डनर ओतून त्याला हुकूम देता येत नाही. इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, वापरणार असाल तर साधी मॅट (काचेच्या आखूड धाग्यांची) आणू नका, तिचे धागे धरून ठेवणारा बांध पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो, इपॉक्सीत नाही. शिवलेलं कापड आणा. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर चढवू नका, नीट धरत नाही. उलटं चालतं.

कृष्णाकाठची

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. शनिवारी दिवसभर बोटीवर होते.

मापं: मागच्या फळीत जमिनीच्या पातळीला २५ मिलिमीटरची दोन भोकं आहेत, रिकाम्या बोटीत पाण्याच्या ५ सेंटिमीटर वर. गॅसच्या कप्प्याचं भोक ७ सेंटिमीटर वर. मग मी, नवरा आणि वाळूच्या २५ किलोच्या दोन गोण्या असं डेकवर उभं राहून मैत्रिणीला पट्टी धरायला सांगितली. भोकं पाण्यापासून दीड सेंटिमीटरवर आली. आईचं वजन त्यात धरलेलंच नव्हतं. पट्टी बघून मी गोण्या उतरवल्या आणि तो बेत तिथेच सोडला.

ठोकूनही पाहिलं. मला वाटलं होतं ताटाएवढा भाग असेल. खडूच्या खुणा जोडल्या तर जवळजवळ अर्धी जमीन निघाली. इंजिनाच्या वायरी बसवायला कोणीतरी चार स्क्रू मारले होते, तिथूनच सुरुवात.

मग आता प्रश्न असा की जमीन आहे त्याच पातळीत दुरुस्त करायची, तर आईला खाली कसं उतरवायचं?

बर्मिंगहॅमकर

पायऱ्या करा ना! ६६ ला तीनने भागा, २२ येतात. एक ठोकळा ४४ उंच, दुसरा २२ उंच. कड ते ४४, ४४ ते २२, २२ ते जमीन. त्यांच्या सवयीपेक्षा दोनच सेंटिमीटर जास्त, पण हाताला भक्कम कठडा हवा, धक्क्यावरून पाय उचलण्याआधी हातात येईल असा. ठोकळे पोकळ करा, बिजागरी नको, उचलून धक्क्यावर ठेवता आले पाहिजेत. खाली रबर, वर वाळू मिसळलेला रंग. ४४चा ठोकळा आत गेल्यावर खुर्चीच्या उंचीचाच आहे, त्यावर गादी टाकली की त्यांची बसायची जागा तयार.

मी दहा वर्षं कालव्यावर आहे, म्हणून डेक उचलला नाहीत ते किती बरं झालं हेही सांगतो. ३५ सेंटिमीटर वर उभं राहून पुलाखालून जाताना तुम्हाला दर वेळी वाकावं लागलं असतं आणि आईंना कोणीतरी "वाका" म्हणून ओरडावं लागलं असतं.

जागा निवडताना एक बघा. फॉक्स्टनला पाच-पाचच्या दोन जिन्यांत दहा लॉक आहेत, ७५ फूट चढ. चढताना ठीक. उतरताना मात्र मागच्या दाराखाली पाण्याच्या आत दगडी उंबरा असतो. पाणी खाली गेलं आणि बोटीचं मागचं टोक, तुमच्या बाबतीत इंजिन, त्या उंबऱ्यावर अडकलं, तर नाळ खाली जाते आणि बोट मिनिटभरात बुडू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, तिच्या पुढेच राहायचं. म्हणून आईंची बैठक केबिनच्या भिंतीला टेकून असू द्या, तोंड मागे. तुम्ही पुढे बघाल, त्या इंजिन आणि खूण बघतील. आणि लाइफ जॅकेट बसण्याआधी, बसल्यावर नाही.

कृष्णाकाठची

काम होऊन आई आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर झाला.

मार्चमध्ये जमीन उघडली. आतला प्लाय भिजलेल्या चहापत्तीसारखा हातात येत होता, वासही तसाच कुबट. ताडपत्रीचा मांडव घालून, खाली छोटा हीटर ठेवून पाच आठवडे सुकवलं. तीनदा वाटलं, झालं आता, आणि तीनदा रत्नागिरीच्या दादांचं "घाई इथेच नडते" आठवलं. एप्रिलच्या शेवटी १७ अंश मिळाले, तेव्हा रेझिन केलं. बॅटरी केबिनमध्ये पुढे नेली, तेवढ्याने मागचं टोक सेंटिमीटरभर वर आलं. पेट्रोलची टाकी उघड्यावरच आहे. आता आम्ही तिघं बसलो असताना भोकं पाण्याच्या अडीच सेंटिमीटर वर राहतात.

ठोकळे मी केले, कठडा नवऱ्याने. पहिल्या दिवशी आई धक्क्यावर उभी राहून बराच वेळ कठडा हलवून बघत होती. हलला नाही. मग उजवा पाय पहिल्यांदा खाली, वाईच्या घाटावर उतरते तसाच, आडवा.

काल फॉक्स्टन चढून आज उतरलो. दहाही लॉकमध्ये तिने पांढऱ्या खुणेवरची नजर काढली नाही. सातव्यात मी थोडी मागे सरकले होते, तर मला कळायच्या आत तिने हाक मारली.

फायबरवाला_रत्नागिरी

वाचून फार बरं वाटलं ताई. कठड्याच्या बोल्टना आतून प्लेट दिली ना? नुसते वॉशर असतील तर फायबर हळूहळू चिरतं.

कृष्णाकाठची

दिली आहे दादा, ६ मिलिमीटरची स्टेनलेसची. भोकं आधी मोठी पाडली, इपॉक्सीने भरली आणि त्यातून पुन्हा पाडली. आता प्लायपर्यंत पाणी पोचायला वाट नाही.