'वठवला' की 'साकारला'? गायकाच्या चरित्रपटातलं काम नेमकं कुणाचं?

रंकाळावेस
मंडळी, एक शंका. आमच्या कोल्हापूरच्या सिनेमा मंडळात या महिन्यात अमेरिकी गायक बॉब डिलनवरचा 'अ कम्प्लीट अननोन' दाखवणार आहोत. पत्रकात मी लिहिलं, 'टिमथी शालामेने डिलन अप्रतिम वठवला आहे.' मंडळातल्या एक बाई मराठी शिकवतात. त्यांनी 'वठवला' खोडून 'साकारला' केलं. म्हणाल्या, वठतं ते झाड, आणि वठलेलं झाड म्हणजे वाळलेलं. तुमचं मत काय? दुसरं, 'ऑस्करची आठ मानांकने' लिहायचं की 'नामांकने'?

मंगळवार पेठ
दुसरं आधी उरकतो. पुरस्काराला नामांकन. मानांकन टेनिसवाल्यांना राहू द्या, अग्रमानांकित वगैरे. आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना नामांकन नसतंच, परीक्षक मंडळ थेट निकाल सांगतं. 'राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकित' असं पोस्टरवर दिसलं तर खुशाल हसा.

आता 'वठणे'. झाड वठतं हे खरंच. पण चेकही वठतो, पूर्वी हुंडी वठायची, म्हणजे कागदाचे पैसे हातात पडायचे. आणि सोंग वठतं. बहुरूपी फौजदार बनून दारात उभा राहिला आणि घरधनी क्षणभर चपापला, की सोंग वठलं. हुंडी आणि सोंग दोन्हीकडे समोरच्यानं ती गोष्ट खरी मानून घेतलेली असते. ही व्युत्पत्ती नव्हे, वापरातून मला जाणवलेलं सांगतोय.

'साकारणे' मला स्वतःला आवडत नाही. वर्तमानपत्रांत उड्डाणपूल साकारतो, गणपतीची आरास साकारते, भूमिकाही साकारते. शिवाय भूमिका साकारली म्हटल्यावर ती चांगली झाली की फसली, काहीच कळत नाही. 'वठली'मध्ये निकाल आधीच लागलेला असतो. 'वाईट वठली' असं कुणी म्हणत नाही, 'वठली नाही' म्हणतात. त्यामुळे तुमच्या वाक्यातलं 'अप्रतिम' तेवढं काढा, 'वठवला' राहू द्या.

राजारामपुरी
आमच्यात सरळ 'काम' म्हणत्यात की. 'बालगंधर्वमधलं सुबोध भावेचं काम बगितलास काय?' झालं. संगीत नाटकवाल्यांचाच शब्द आहे हा. १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं, त्यात आपल्या केशवराव भोसल्यांचं धैर्यधराचं काम आणि बालगंधर्वांचं भामिनीचं. त्या वेळी काम म्हटलं की गाणं त्यातच आलं. गळा नसला तर असलं काम पदरात पडायचंच नाही. सिनेमातसुद्धा सुरुवातीला तसंच होतं, 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतःच गायलेत. आता दिसतोय एक आणि गातोय दुसरा. मग वठवलं कुणी, दिसणाऱ्यानं का गाणाऱ्यानं? हे सांगा आधी.

शाहूपुरी
प्रश्न बरोबर जागी आलाय, कारण परीक्षकांचंही घोडं इथंच अडतं.

'बालगंधर्व' २०११ चा. भावे दिसतात, आनंद भाटे गातात. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वगायनाचा पुरस्कार भाट्यांना, वेशभूषेचा नीता लुल्लांना, रंगभूषेचा विक्रम गायकवाडांना. म्हणजे गळ्याला मिळाला, शालूला मिळाला, चेहऱ्यावरच्या रंगाला मिळाला. या सगळ्याच्या आत जो माणूस उभा होता तो तसाच राहिला. अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी गिरीश कुलकर्णींना होता, 'देऊळ'साठी, आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण भूमिका वठली ती कुणामुळे, याचं उत्तर निकालपत्रात सापडत नाही.

त्याहून मजेशीर 'मी वसंतराव'. राहुल देशपांडे आजोबांचं काम करतात आणि गातातही स्वतः. ६८ व्या पुरस्कारांत त्यांना पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाचा! पडद्यावर चेहरा त्यांचा, गळा त्यांचा, मग हे पार्श्व आलं कुठून? राजारामपुरीकर ज्याला एका शब्दात 'काम' म्हणतात, त्याचे दोन तुकडे करून परीक्षकांनी एकच उचलला.

ऑस्करची रीत नेमकी उलटी. 'रे'साठी जेमी फॉक्स जिंकला, गाण्यांतला आवाज बहुतेक खुद्द गायक रे चार्ल्सचा. मारियाँ कोतियार फ्रेंच गायिका एदिथ पियाफ झाली, गाणी बहुतेक दुसऱ्यांच्या आवाजात, ती जिंकली. रामी मालेकच्या तोंडून रॉकगायक फ्रेडी मर्क्युरीची मूळ ध्वनिमुद्रणं आणि मार्क मार्टेल या गायकाचा आवाज मिसळून येतात, तोही जिंकला. तिकडे चेहऱ्याला पैसे मिळतात, गळा उसना चालतो. स्वतः गाऊन जिंकलेल्या सिसी स्पेसेक आणि रीझ विदरस्पून. स्वतः गाऊन नुसत्या नामांकनावर थांबलेले वाकीन फीनिक्स, ऑस्टिन बटलर ('एल्विस'मधली तरुणपणीची गाणी तेवढी त्याची) आणि तुमचा शालामे. तुमच्या सिनेमाच्या आठ हुंड्या, एकही वठली नाही.

रंकाळावेस
काका, मग शालामेचं काम कमी पडलं म्हणायचं? गिटार, माऊथऑर्गन शिकून, बहुतेक गाणी सेटवरच प्रत्यक्ष गायलाय तो.

शाहूपुरी
अजिबात नाही. अभिनेत्यांच्या संघटनेचा, म्हणजे सॅगचा पुरस्कार त्यालाच मिळाला. माझा अंदाज असा की ऑस्करच्या मतदारांना गायकाची उतरण बघायला आवडते. व्यसन, आजारपण, थरथरते हात, मग शेवटची मैफल. रे चार्ल्स, पियाफ, मर्क्युरी, तिघांच्या गोष्टीत ते आहे. डिलनवरचा सिनेमा १९६१ ला सुरू होतो आणि १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाशी संपतो. पंचविशीही न गाठलेला पोरगा, कुणाला आतलं काही सांगत नाही. शालामेनं तो बंद माणूस बंदच ठेवला. मला ते फार आवडलं, पण अशा कामाला मतं कमी पडतात. या अंदाजाला 'एल्विस' आडवा येतो हे मान्य. उतरण तिथं भरपूर होती, तरी बटलर हरला, ब्रेंडन फ्रेझरपुढे.

पंचगंगा घाट
आपल्या गावात जन्मलेल्या बाबूजींना विसरलात काय सगळे? २०२४ ला 'स्वरगंधर्व सुधीर फडके' आला, काम सुनील बर्व्यांचं. पियाफचा आवाज कोल्हापुरात किती जणांच्या कानात असेल? गीतरामायण मात्र घराघरात पाठ आहे. इथं नटाला चेहऱ्यापेक्षा हरकतींनी पकडतात. हार्मोनियमवरचा हात जरा इकडेतिकडे झाला की मागच्या रांगेतून 'हे न्हवं' ऐकू येतं. अशा ठिकाणी नुसती नक्कल दोन मिनिटं पुरते. बर्वे नकलेच्या मागे लागले नाहीत. संयमानं केलंय काम, म्हणून टिकलं.

खोडणारी बाई
'वठवला' मीच खोडलं होतं. 'वठवणे' मला माहीत नाही असा समज नको. माझी हरकत 'डिलन वठवला'ला आहे. आपण भूमिका वठवतो, सोंग वठवतो. जिवंत माणूस कसा वठवणार? डिलन अजून आहेत, त्यांनीच वाचलं तर काय म्हणतील! आणि झाडाचा अर्थ वाचकाच्या मनात डोकावतोच. 'डिलनची भूमिका वठवली' लिहिलंत तर मी एक अक्षर खोडणार नाही.

आणखी एक. पत्रकात खाली 'चरित्र अभिनेता शालामे' असं आहे, ते आधी काढा. आपल्याकडे चरित्र अभिनेता म्हणजे नायकाचे वडील, मामा, इन्स्पेक्टर. तुम्हाला 'चरित्रनायकाच्या भूमिकेत' म्हणायचं असेल.

मंगळवार पेठ
बाई, 'भूमिका' घातल्यावर तक्रार मिटली, मान्य. पण चरित्रनायक आणि नायक एकच असतात असंही नाही. 'अमेडियस' बघा. चरित्रनायक संगीतकार मोत्सार्ट, गोष्ट पुढे नेणारा त्याचा प्रतिस्पर्धी सालियेरी. दोघांचीही नावं मुख्य अभिनेत्याच्या यादीत गेली आणि जिंकला सालियेरी करणारा एफ. मरे एब्राहम. 'वॉक द लाइन'मध्ये चरित्रनायक गायक जॉनी कॅश, ऑस्कर नेला जून कार्टर करणाऱ्या विदरस्पूननं. पत्रकात गायिका जोन बाएझ करणाऱ्या मोनिका बार्बारोला काय म्हटलंय?

रंकाळावेस
'सहाय्यक अभिनेत्री'. तिचं नामांकन त्याच गटात होतं.

खोडणारी बाई
सहाय्यक म्हटलं की मला प्रयोगशाळा सहाय्यकच आठवतात. 'सहअभिनेत्री' करा. बाएझची भूमिका वठवलीय तिनं, गाणीही तिचीच आहेत, तेवढं एक वाक्य वाढवा. जागा कमी पडली तर वर्गणीची सूचना बारीक टाइपात घ्या.