मदत हवी आहे: लांब केस, बोअरचं पाणी आणि पार्लरचा शाम्पू

मैत्रिणींनो, माझे केस कमरेपर्यंत आहेत, दाट आहेत, गळतीची फारशी तक्रार नाही. अडचण पाण्याची आहे. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, इतकं जड की नळांवर पांढरे थर चढतात. केस धुतले की मुळं चिकट आणि टोकं राठ. गुंता सोडवता सोडवता हात दुखतात.

पार्लरवालीने सल्फेट (भरपूर फेस करून तेल जोरात काढणारा घटक) नसलेला, म्हणजे सौम्य शाम्पू सुचवलाय. पण मी दर रविवारी खोबरेल तेल चांगलं चोपडते. ते सौम्य शाम्पूने एका धुण्यात निघतं का? जड पाण्यासाठी घटकांत ईडीटीए असावं असं वाचलंय, कारण ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं. मग रोजचा शाम्पू सौम्य आणि महिन्यातून एकदा क्लॅरिफायिंग (केसांवर साठलेला थर काढणारा), असं कोणी करतं का?

लॉरिआल प्रोफेशनल, श्वार्झकॉफ यांच्या बाटल्या बघून ठेवल्यात. साध्या दुकानातल्या शाम्पूपेक्षा खरंच फरक पडतो, की वासाचेच पैसे? (शिकेकाई सुचवू नका, सासूबाई रोज सुचवतात. सकाळी सातची बस असते हो!)

केसांना रंग किंवा स्मूदनिंग केलेलं नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्या लांब केसवालींनी शाम्पूचं नाव आणि कंडिशनर कुठला, तेवढं नक्की सांगा.