‘रेषा खोटं बोलत नाही’ म्हणे! ऑफसाइड, व्हीएआर आणि शाहू स्टेडियम

पेठेतला स्टॉपर
परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतीय. थोडक्यात अशी : व्हीएआरची (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या यंत्रणेची) ऑफसाइड रेषा मिलिमीटरला बरोबर असते, तिच्यावर ओरडणाऱ्यांना विज्ञान कळत नाही, आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही हे सुरू केलं की पेठापेठांतली भांडणं मिटतील. खाली सगळ्यांचे अंगठे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पास सुटताना फॉरवर्ड, म्हणजे हल्ला करणारा, चेंडूच्या आणि दुसऱ्या शेवटच्या बचावपटूच्या पुढं गोलकडं असला की ऑफसाइड; त्या बचावपटूवरनंच ही रेषा काढतात. रेषा बारीक आहे, मान्य. पण ती कुठल्या फ्रेमवर काढायची? नियम म्हणतो, पास देणाऱ्याचा चेंडूला पहिला स्पर्श होतो तो क्षण धरा. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये 20 मिलिसेकंद. फॉरवर्ड सेकंदाला 8 मीटरनं पळतोय आणि बॅक (बचावपटू) ट्रॅप लावायला, म्हणजे फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये सोडायला, 3 मीटरनं उलटा वर येतोय. दोघांतलं अंतर सेकंदाला 11 मीटरनं बदलतंय. 20 मिलिसेकंदात 22 सेंटिमीटर! आणि निकाल देणार नखाएवढ्या फरकावर.

बरं, फ्रेम सापडली असं धरू. मग ऑपरेटर बॅकचा सगळ्यात मागचा भाग शोधतो, त्यावर क्रॉसहेअर (पडद्यावरची फुली) ठेवतो, तिथून जमिनीवर लंब टाकतो, मग तेच फॉरवर्डचं. पाय असेल तर ठीक. खांदा असेल तर? हात धरायचा नाही, काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपर्यंतचाच भाग धरायचा. ढगळ जर्सीत काख नेमकी कुठं, सांगा बघू. फ्रेममध्ये मैदानाची 40 मीटर रुंदी दिसत असली आणि चित्र 1920 पिक्सेलचं असलं, तर एक पिक्सेल म्हणजेच 2 सेंटिमीटर. माउस एक ठिपका हलला की निकाल हलला. 2019-20 च्या प्रीमियर लीगमध्ये काखेवरून गोल गेले ते असेच.

फ्रेम बाय फ्रेम
ती पोस्ट माझीच. गणित मांडलंत छान, पण अर्धंच. ऑपरेटर दोन्ही फ्रेम बघून स्पर्शाच्या जवळची निवडतो. म्हणजे चूक जास्तीत जास्त 10 मिलिसेकंद, तुमच्याच वेगानं 11 सेंटिमीटर. 22 हा आकडा लोकांना भडकवायला.

दुसरं, तुम्ही 2019 मध्येच अडकलाय. 2021-22 पासून प्रीमियर लीगनं रेषा जाड केल्या, साधारण 5 सेंटिमीटरची सूट फॉरवर्डला दिली. नेदरलँड्सच्या लीगनं 10 सेंटिमीटरची सूट ठेवली, दोन रेषा एकमेकींना टेकल्या की मैदानावरचा निर्णय कायम. आणि कतार 2022 ला तर छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा, आणि चेंडूच्या पोटात 500 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 500 नोंदी घेणारा सेन्सर. किकचा क्षण 2 मिलिसेकंदात पकडला जातो. उद्घाटनाच्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला इक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल त्यानंच रद्द केला. स्टेडियममध्ये कुणालाच ऑफसाइड दिसला नव्हता, आणि तो होता.

पेठेतला स्टॉपर
11 तर 11. खूश? बुटाची रुंदी साधारण तेवढीच भरते, म्हणजे मुद्दा जागेवरच आहे.

आता तुमच्या कतारचं. चेंडू 500 हर्ट्झवर, पण माणसाचे सांधे 50 वरच. मधल्या क्षणाला पाय कुठं होता हे संगणक आधीच्या आणि नंतरच्या नोंदीवरून काढतो. शिवाय बिंदू 29च. बाकीचं अंग हे त्यांवरून बांधलेलं मॉडेल असतं. चूक लहान झाली, नाहीशी झाली नाही. त्यात या पद्धतीला ‘सेमी ऑटोमेटेड’ (अर्धी आपोआप) हे नाव का आहे? कारण शेवटी माणूसच तपासतो.

आणि गर्दीत काय होतं बघा. 1 मार्च 2025, एफए कपला बोर्नमथ-वुल्व्ह्स. नवी पद्धत नुकतीच आलेली. कॉर्नरच्या गर्दीत अंगाला अंग, कॅमेऱ्यांना कोण कुणाचा पाय ते उमगेना. शेवटी हातानं रेषा काढाव्या लागल्या, तपासणी आठ मिनिटं चालली. नोव्हेंबर 2024 ला सोसिएदादविरुद्ध बार्सिलोनाच्या लेवांडोव्स्कीचा गोल गेला, तेव्हाही यंत्रानं बचावपटूचाच बूट फॉरवर्डचा धरला की काय यावर स्पेनमध्ये रान उठलं होतं. प्रीमियर लीगनं एप्रिल 2025 ला जी पद्धत आणली तिच्यात तर आयफोनचे कॅमेरे आहेत, चेंडूत सेन्सर नाहीच.

ब्राझील गल्ली
तुमचं सेंटिमीटर चालू द्या. 21 एप्रिल 2024, कोव्हेंट्री विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, एफए कप सेमीफायनल. 0-3 वरून 3-3, एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या क्षणी कोव्हेंट्रीच्या टॉर्पचा गोल, अख्खं वेम्बली डोक्यावर. आणि आधीच्या पासला राइटच्या बुटाचं टोक पुढं म्हणून रद्द. फुटबॉल मारला हो यांनी. आर्सेनलचे माजी कोच वेंगर म्हणतात तसं करा, फॉरवर्डच्या अंगाचा कुठलाही भाग बॅकच्या रेषेत असला तर ऑनसाइड.

फ्रेम बाय फ्रेम
मग टोकाऐवजी टाच मोजायची. रेषा तिथंही लागणारच, भांडण अर्धा मीटर पुढं सरकवलंत एवढंच. त्या नियमात दुसऱ्या एखाद्या कोव्हेंट्रीचा गोल टाचेवरून जाईल.

ब्राझील गल्ली
जाऊ दे, तुम्हाला गोलनंतर ओरडायला आवडतच नसेल.

झेंडा वर
यंत्राच्या नादात झेंड्याचं काय वाटोळं केलंय ते कुणी बोलत नाही. व्हीएआर असलं आणि गोलची संधी असली की काठावरच्या ऑफसाइडला लाइनमननं (कडेच्या पंचानं) फ्लॅग लगेच वर करायचा नाही, हल्ला संपेपर्यंत थांबायचं. 11 मे 2025 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा अवोनियी अशाच थांबवलेल्या फ्लॅगमुळं चालू राहिलेल्या हल्ल्यात पोस्टवर आदळला, पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. 2025 च्या क्लब वर्ल्ड कपला 10 सेंटिमीटरच्या पुढचा ऑफसाइड असला की लाइनमनच्या कानात थेट इशारा ठेवला. तो उपाय बरा.

पण ते सगळं श्रीमंतांचं. आपल्याकडं ऑफसाइड चुकतो तो काखेवरनं नाही, लाइनमन जागेवर नसल्यामुळं. समजा तो दुसऱ्या शेवटच्या बचावपटूच्या रेषेपासून एक मीटर मागं राहिला. बॅक त्याच्यापासून 10 मीटरवर, फॉरवर्ड पलीकडं 40 मीटरवर. त्याच्या डोळ्याला दोघं सरळ रेषेत दिसतील तेव्हा फॉरवर्ड खरं तर 3 मीटर पुढं असतो. तीन मीटर! फॉरवर्ड अलीकडं आणि बॅक पलीकडं असला की उलटं, पाऊण मीटर ऑनसाइड असलेला पोरगा रेषेवर दिसतो आणि जरा पुढं सरकला की फ्लॅग. यात कॅमेरा नको, पाय हलवायला पाहिजेत. तोंड मैदानाकडं ठेवून आडवं पळायला शिकवा आधी.

गॅलरीतला आवाज
लाइनमनला शिकवा म्हणणं सोपंय हो. मॅच झाली की रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लाल रेघ मारलेला स्क्रीनशॉट येतो, त्यात ऑफसाइड ढळढळीत दिसतो. मॅच यूट्यूबवर लाइव्ह असतीय. मग तेच चित्र रेफरीला तिथंच का दाखवत न्हाई? दोन-चार लाख लागतात का त्याला? मोबाईल पुरतो.

पेठेतला स्टॉपर
त्या लाल रेघेनंच निम्मी डोकी फिरवलीत. कॅमेरा मध्यरेषेजवळ आणि गोल एका बाजूला असला की गोललाइनला समांतर असलेल्या सगळ्या रेषा चित्रात तिरक्या होतात, आणि प्रत्येकीचा तिरकेपणा वेगळा. तुम्ही बोटानं सरळ उभी रेघ मारता, ती पहिल्यापासूनच खोटी. करायचंच असेल तर गोललाइन आणि पेनल्टी बॉक्सची तिला समांतर रेषा, दोन्ही चित्राबाहेर वाढवा. जिथं मिळतील त्या बिंदूतून बॅकच्या पायावरनं रेघ काढा. तीसुद्धा पाय जमिनीवर असेल तरच. वाकलेला खांदा असेल तर आधी लंब टाका, नाहीतर खांदा उंच आहे म्हणून तो पुढं-मागं दिसतो. त्यात चुना फासलेल्या रेषा कुठं जाड, कुठं पुसलेल्या. बिंदूच हलतो.

आणि फ्रेमरेट? बहुतेक स्ट्रीम 30 फ्रेमचं. ‘फ्रेम बाय फ्रेम’ साहेबांच्याच हिशोबानं अर्धं धरलं तरी 18 सेंटिमीटर. चेंडू सेकंदाला 25 मीटरनं सुटला आणि शटर 1/500 सेकंद उघडं राहिलं तर चेंडूच 5 सेंटिमीटर लांबट दिसतो. स्पर्श झाला की सुटला, कळत नाही. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून पाठवतं.

गॅलरीतला आवाज
म्हंजे आमी अडाणी, गप बसा. तीन मीटरचा ऑफसाइड दिसायला तुमचा बिंदू कशाला लागतोय?

फ्रेम बाय फ्रेम
इथं मात्र गॅलरीचं बरोबर आहे, आणि स्टॉपरसाहेबांनी स्वतःच ते सिद्ध केलंय. 18 सेंटिमीटरची चूक असलेला कॅमेरा 3 मीटरची चूक पकडायला पुरून उरतो. ‘झेंडा वर’ची तीन मीटर आणि तुमचे अठरा सेंटिमीटर शेजारी ठेवून बघा.

फिफानं यासाठीच फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट आणलंय. 2024 ला कोलंबियात मुलींच्या अंडर-20 वर्ल्ड कपला वापरलं. व्हीएआर खोली नाही, रेषा नाहीत. प्रत्येक कोचला सामन्यात दोन मागण्या, कार्ड चौथ्या पंचाकडं द्यायचं, रेफरी मैदानाकडेच्या मॉनिटरवर स्वतः बघणार. मागणी बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते. चार कॅमेऱ्यांत भागतं. इंडियन सुपर लीगलासुद्धा व्हीएआर नव्हतं, तेव्हा कोल्हापूरनं लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

पेठेतला स्टॉपर
बरं. उघड चुकीसाठी, रेषा न काढता, आणि शंका असली तर मैदानावरचा निर्णय कायम. एवढ्याला माझी ना नाही. पण मग ‘मिलिमीटरला बरोबर’ हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य खोडा.

फ्रेम बाय फ्रेम
‘सेंटिमीटरला’ करतो. खूश?

झेंडा वर
कॅमेरे मध्यरेषेवर ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या 18 यार्डांच्या (पेनल्टी बॉक्सच्या) रेषेत एकेक, जमेल तेवढ्या उंचीवर, तिवईवर घट्ट, झूम बंद. झूम हलला की आधीचं सगळं मोजमाप वाया. तिसरा मध्ये, पास कुणी दिला ते बघायला. तिन्हींचं घड्याळ जुळवायला मॅचआधी मध्यभागी एकानं टाळी वाजवायची आणि तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये ती फ्रेम शोधून ठेवायची. हे केलं नाही तर पास एका कॅमेऱ्यात आधी आणि फॉरवर्ड दुसऱ्यात नंतर.

ब्राझील गल्ली
आणि मॉनिटर कुठं ठेवणार? बेंचच्या शेजारी? आपल्या पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या संघांची मॅच असली की रेफरीच्या पाठीमागं अख्खं बेंच स्क्रीन बघायला उभं राहील. प्रत्येकाचा वेगळा निकाल.

झेंडा वर
दोन्ही बेंचच्या समोरच्या बाजूला, कठड्यापासून लांब. भोवती दोरी.

गॅलरीतला आवाज
दोरी राहू दे. रिप्ले मागं-पुढं करणारा ऑपरेटर कुठल्या पेठेचा असणार, ते आधी सांगा.

फ्रेम बाय फ्रेम
बाहेरगावचा आणायचा. सांगलीचा.

गॅलरीतला आवाज
सांगलीचा? मग तर झालंच.