कॅमेरा लांब ठेवणं म्हणजे आळस नव्हे

कुणीतरी लिहिलंय की ‘कोर्ट’ या चित्रपटात (२०१४) कॅमेरा हलत नाही, क्लोजअप नाहीत, म्हणून माणसं भिडत नाहीत. मला नेमकं उलट वाटतं. छायाचित्रकार मृणाल देसाईंचा कॅमेरा लांब, एका जागी खिळलेला. त्यामुळे आरोपी नारायण कांबळे कोर्टातल्या गर्दीत हरवून जातात. कुणाकडे बघायचं ते आपणच ठरवायचं.

आणि तो शेवटाकडचा शॉट! उन्हाळी सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा मालवला जातो. पडदा काळाकुट्ट, बराच वेळ. माझ्या शेजारचे काका तर पिशवी घेऊन उठलेसुद्धा. मग उजेड येतो, तर न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघालेत. जामीन नाकारलेले कांबळे त्या अंधारातच.